डबल ब्रेकची गाडी

परातीत व्यंकटरावांचे पाय होते आणि समोर बसून रामलिंग ते धूत होता. शेजारच्या पाटावरून त्यांची बायको उज्वला आपल्या धाकट्या भावाचं वाकलेलं डोकं बघत होती. टाळूवरचे केस बरेच विरळ झाले होते. मागच्या धोंड्याच्या महिन्यात ही परात माळ्यावरून उतरलीच नव्हती, कारण तेव्हा लेक-जावई लातूरला आलेच नव्हते.

"पाणी लई गार न्हाई ना, दाजी?"

"ठीक हाय," व्यंकटराव म्हणाले.

तीन वर्षांत दोघांचं एवढंच बोलणं झालं होतं. उज्वलाला तेवढंही पुष्कळ वाटलं.

भांडणाचं मूळ तिच्या मुलाच्या, वीरेशच्या डाव्या खांद्यात होतं. रामलिंगचं लातुरात मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं, आणि घरात एक रीत त्यानेच पाडली होती. भाचा असो, भाची असो, अठरा पूर्ण झाली की मामाकडून लायसनचा आहेर. चाचणीच्या दिवशी तो पोराला डबल ब्रेकच्या गाडीत बसवायचा. शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असलेली ती गाडी. "स्टेअरिंग धर, समोर बघ, बाकी मामा हाय," एवढंच शिक्षण. क्लच रामलिंग सोडायचा, ब्रेक रामलिंग दाबायचा, गाडी मुंगीच्या चालीने आठचा आकडा काढायची आणि पोर पास व्हायचं.

वीरेश असाच पास झाला आणि आठवड्याच्या आत बापाची जीप घेऊन उमरीहून मुदखेडकडे एकटाच निघाला. पुलाचा कठडा आला तेव्हा शेजारी मामाचा पाय नव्हता. खांद्याचं हाड मोडलं, आत पट्टी बसवावी लागली. "तुझ्या आहेरानं माझं पोरगं गेलं असतं," व्यंकटराव फोनवर म्हणाले, आणि त्यानंतर उमरी आणि लातूर यांच्यातला फोन फक्त बहीण-भावाचा उरला.

यंदाही ते आले नसते. पण उज्वलाची थोरली, डॉक्टर पुनम, पुढच्या महिन्यात वेल्सला निघाली होती. "मी जायच्या आधी एकदा सगळे एका पंगतीला बसा," असा तिने हट्ट धरला आणि व्यंकटरावांनी नवा सदरा काढला.

वाण द्यायची वेळ झाली. तेहतीस अनारसे, वर चांदीचा दिवा. व्यंकटरावांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं. रामलिंगची बायको आरती हिने पानं वाढली. पुरणाच्या धोंड्यांवर तुपाची धार सोडत ती म्हणाली, "पोटभर जेवा, दाजी. मागच्या तीन वर्षांचेबी राहिलेत."

"मंग मला आजच दवाखान्यात न्यावं लागंल," व्यंकटराव म्हणाले आणि स्वतःच हसले. वीरेशने बहिणीकडे बघितलं. पुनमने भुवई उडवली. सगळं बरं चाललं होतं.

निम्मं जेवण झाल्यावर रामलिंग उठला आणि आतून एक ताट घेऊन आला. ताटात हळदीकुंकू, नारळ आणि काही कागद.

"पुनम, हा तुझा आहेर. परदेशात गाडी चालवायचा परवाना निघतो बघ आपल्या लायसनवर, त्याचा अर्ज. सगळं भरून ठेवलंय. तू सही कर, आठवड्यात हातात."

व्यंकटरावांनी मान हलवली. "हे लई चांगलं केलंस, रामलिंग."

रामलिंगचा चेहरा उजळला. दाजींनी त्याला नावाने हाक मारली होती. उज्वलाने नकळत हात जोडले आणि त्याच वेळी तिला दिसलं की पुनम ताटाकडे बघतेय पण हात पुढे करत नाहीये.

"मामा, मी यावर सही न्हाई करू शकत."

"कामून?"

"मला गाडी येत न्हाई."

"लायसन हाय की तुझ्याकडं. खरं लायसन. सरकारी."

"लायसन खरंय, मामा. फोटो माझा हाय. पाय तुमचे होते."

आरतीला हसू फुटलं, ते तिने पदरात दाबलं. "माझंबी हाय की. बारा वर्षं झाली. रेल्वेत तिकिटवाल्याला दाखवायला लई कामी येतं."

"तू गप," रामलिंग म्हणाला.

"गप काय? पाच लायसनं हायत या दोन घरांत, आणि ड्रायव्हर दोन."

व्यंकटरावांनी घास खाली ठेवला. "पुनम, मला नीट सांग. तिथं आपलं लायसन चालतं का न्हाई?"

"चालतं. तिथं राहायला लागल्यापासून एक वर्ष. मंग त्यांची परीक्षा द्यावीच लागते, आपलं बदलून मिळत न्हाई."

"मंग वर्ष हाय की. जायचं, तिथंच हात साफ करायचा. एवढी डॉक्टरकी शिकली, तुला ब्रेक कुठला ते कळायला काय परीक्षा लागती?"

"दाजी बरोबर बोलून राहिले," रामलिंग म्हणाला. "आणि तिथंबी गाड्या आपल्यासारख्याच, डाव्या हातानं. उलटं काही न्हाई. रस्ते गुळगुळीत. म्हशी न्हाईत."

"मेंढ्या हायत," पुनम म्हणाली.

वीरेश हसला. बाकी कुणी हसलं नाही.

उज्वलाला ठाऊक होतं की लेक हे सगळं महिन्याभरापासून तोलते आहे. पुनमला मिळालेली जागा फॅमिली डॉक्टरच्या प्रशिक्षणाची होती. पहिले सहा महिने गावातलं रुग्णालय, खोलीपासून पायी जाण्याइतकं. त्यानंतर डोंगरातला एक छोटा दवाखाना. तिथले पेशंट म्हातारे, वाड्या लांब, बस दिवसातून दोनदा. डॉक्टरनेच घरोघरी जायचं. गाडी न येणाऱ्याला ती जागा टिकवता येणार नव्हती. तिथल्या वरिष्ठ बाईंनी विचारलं तेव्हा पुनमने खरं ते कळवलं होतं : लायसन आहे, गाडी चालवलेली नाही. बाईंनी उत्तर दिलं होतं, फेब्रुवारीपर्यंत शिका, आम्हाला अडचण नाही. पण फेब्रुवारीत गाडी आल्याशिवाय चालणार नाही.

"तिथं शिकायला काय हरकत हाय मंग?" व्यंकटराव म्हणाले.

"शिकणारच हाय. गेल्या गेल्या त्यांचं शिकाऊ लायसन काढणार, लेखी परीक्षा देणार. पण गाडीच्या परीक्षेची तारीख महिनोन्‌महिने मिळत न्हाई. आणि तिथं एका तासाच्या शिकवणीला जेवढे पडतात, तेवढ्यात मामाच्या इथं अख्खा कोर्स होतो. शून्यापासून तिथं सुरू केलं तर पगार त्यातच जाईल."

"म्हणूनच म्हणतो, आपल्या लायसनवर चालव."

"आणि विम्याचं, बाबा? किती वर्षं चालवताय असं ते विचारतात. नऊ वर्षं सांगितलं तर हप्ता कमी. पण ते खोटं. काही झालं आणि कळलं, तर विमाच रद्द. समोरच्या माणसाचं नुकसान मीच भरायचं." ती थांबली. "आणि समोरचा माणूस उरला पाहिजे ना भरून घ्यायला. किनवटला दोन वर्षं होते मी. अपघाताचा पेशंट आला की नातेवाईक आधी हेच म्हणायचे, पोराकडं लायसन होतं डॉक्टर."

वीरेशने डावा खांदा जरा हलवला, पावसाळी हवेत हलवायचा तसा.

"म्हणजे माझ्यामुळं," रामलिंग हळू म्हणाला. त्याने ताट खाली ठेवलं. "सरळ म्हण की. मामानं फसवलं."

"मी असं म्हणाले का?"

"तीन वर्षं हेच ऐकून राहिलो ना मी."

"ते हिनं ऐकवलं न्हाई, मी ऐकवलं," व्यंकटराव म्हणाले. "आणि ते झालं गेलं. आज रामलिंगनं तिच्या भल्याचंच केलंय. पुनम, सही कर आणि विषय संपव. सणाच्या पंगतीत मामाचं ताट परत पाठवत न्हाईत."

उज्वलाने दोघांकडे बघितलं. तीन वर्षं तिने या दोघांना एका बाजूला बसवायची धडपड केली होती. आता ते बसले होते. आणि समोरच्या बाजूला तिची लेक एकटी होती.

तिला क्षणभर वाटलं, करू दे सही. कागद तर आहे. तिकडं गेल्यावर वापरला नाही तर कोण बघायला येतंय? इथं घर जुळतंय. मग तिला जीप दिसली. पुलाजवळून ओढत आणलेली, एका डोळ्याची. त्या दिवशीही घरात सगळे म्हणाले होते, लायसन होतं की.

"आई, तू तरी बोल," पुनम म्हणाली.

आरती ओटीचं ताट घेऊन पुढे आली होती. धोंड्याला जावयाचं वाण होतं तशी लेकीची ओटी असते. खण, तांदूळ, नारळ आणि वर जांभळ्या काठाची साडी. उज्वलाने पदर पसरला नाही. तिने साडीवर तळहात ठेवला आणि ताट जरा मागे सारलं.

"अक्का?" रामलिंग म्हणाला.

"साडी राहू दे. मला दुसरं पायजे."

"आधी ओटी तर घे. मंग माग काय मागायचं ते."

"न्हाई. ओटीतच घालणार तू, तर मी सांगते ते घाल." तिने पदर दोन्ही हातांनी धरला पण मिटलेलाच ठेवला. "पोरीला गाडी शिकव. ती जायच्या आत. तुझ्या स्कूलमधल्या मास्तरानं न्हाई, तू."

"उज्वला, हे काय मधेच," व्यंकटराव म्हणाले.

"तुमचं वाण झालं. तुम्ही घेतलं. हे माझं हाय."

व्यंकटरावांनी बायकोकडे बघितलं. तिने त्यांना चारचौघांत असं कधी तोडलं नव्हतं. ते उठून जाऊ शकले असते, पण पुढ्यात धोंडे अर्धे होते, आणि धोंड्याच्या पानावरून जावई उठला तर ते पुढचे तीन महिने सगळ्या पाहुण्यांत फिरलं असतं. ते बसून राहिले.

"मी घरच्यांना शिकवत न्हाई, अक्का. तुला माहीत हाय."

"माहीत हाय. कामून न्हाई ते माहीत न्हाई."

रामलिंग उठला, हात न धुताच बाहेर गेला.

"झालं," व्यंकटराव म्हणाले. "तीन वर्षांचं जुळलं होतं."

"बाबा," वीरेश म्हणाला. "मला त्या दिवशी ब्रेक कुठला ते माहीत होतं. पाय तिथं न्यायचा कधी, ते माहीत न्हवतं."

व्यंकटरावांनी मान खाली घालून धोंड्याचा तुकडा तोडला आणि खाल्ला नाही.

उज्वला बाहेर गेली. लिंबाच्या सावलीत स्कूलची पांढरी गाडी उभी होती, दोन्ही बाजूंना लाल अक्षरात नाव. रामलिंग डाव्या बाजूचं दार उघडून आपल्या नेहमीच्या जागी बसला होता. खरकटा हात बाहेर धरलेला, पाय आपल्या दोन पेडलांवर.

"हात धू आधी," ती म्हणाली आणि हातातल्या तांब्यातलं पाणी त्याच्या हातावर सोडलं. मघाशी त्याने व्यंकटरावांच्या पायांवर सोडलं होतं, तसं.

"आरतीला शिकवायला घेतलं होतं मी," तो म्हणाला. "लग्नानंतर. रिंग रोडवर. दहा फूट गाडी गेली की माझा पाय ब्रेकवर. समोर कोणी न्हाई, खड्डा न्हाई, तरी पाय ब्रेकवर. ती म्हणाली, मला चालवू द्या. मी म्हणालो, हाव, चालव. आणि पाय परत ब्रेकवर. शेवटी ती उतरली आणि पायी घरी आली. मी मागं मागं पहिल्या गिअरमधी. लोक बघून राहिले."

उज्वला हसली. तोही हसला, थोडा.

"परक्याच्या पोराला मी चार दिवसांत सोडतो, अक्का. रडू दे, घाबरू दे, शिकतं. घरचं पोर बसलं की माझं पायावर चालत न्हाई. आणि आपला पाय ब्रेकवर असला की शिकणारा कधीच शिकत न्हाई. तो माझ्या पायाच्या भरवशावर बसतो."

"म्हणून लायसन देतोस."

"मंग काय देऊ? मला दुसरं काय येतं?"

अंगणात एक सुका वारा फिरला आणि लिंबोळ्या गाडीच्या टपावर टपटपल्या.

"ती आता परक्याच्या मुलखात चाललीय," उज्वला म्हणाली. "तिथं तिच्या शेजारी कोण बसणार हाय, रामलिंग? तुझा पाय इथंच राहणार."

रामलिंगने ओल्या हाताने तोंड पुसलं. मग तो आत गेला, मागोमाग आलेल्या उज्वलापुढे ताटातली साडी आणि नारळ धरला, आणि पुनमला म्हणाला, "उद्या सकाळी, उन्हाच्या आत. ती उंच टाचंची चप्पल घालून येऊ नको."

उज्वलाने तेव्हा पदर पसरला.

व्यंकटराव त्याच संध्याकाळी उमरीला गेले. पेरणीचे दिवस होते, ते खरं होतं. पण जाताना पुनमशी ते बोलले नाहीत. वीरेश त्यांच्याबरोबर गेला. उज्वला लेकीबरोबर लातूरला राहिली.

पहिले दिवस वाईट गेले. मैदानावर पुनमने क्लच सोडला की गाडी उडी मारायची, आणि उडी पुरी व्हायच्या आत रामलिंगचा पाय खाली जायचा. "मामा, पाय." "हाव, हाव, काढला." पुन्हा उडी, पुन्हा पाय. मागच्या सीटवर उज्वला डोळे मिटून बसायची. चौथ्या दिवशी पुनम इंजिन बंद करून म्हणाली, "मामा, मी इंटर्न होते तेव्हा पहिला टाका घालताना आमच्या मॅडम मागं उभ्या होत्या. हात पाठीशी बांधून. नंतर मला म्हणाल्या, मला हात बांधावे लागतात, नाहीतर मीच घालते."

दुसऱ्या दिवशी रामलिंग पाय पेडलांच्या अलीकडे ठेवून बसला. अलीकडे म्हणजे बोटभर.

मग ती शिकली. हळू, पण पक्कं. उतारावर थांबवून पुन्हा चढवणं, मागे घेणं, आरशात बघणं. आरशासाठी मामाने तिला बेजार केलं. "तिथला साहेब काय बघंल मला माहीत न्हाई, पण आरसा बघणार म्हणजे बघणार." संध्याकाळी पुनम मोबाईलवर तिथल्या लेखी परीक्षेचे प्रश्न सोडवायची आणि आरती मामी शेजारी बसून उत्तरं सांगायची, बहुतेक चुकीची. एका रविवारी मामीच स्टेअरिंगवर बसली. पुनम शेजारी होती. रामलिंगला घरातून बाहेर येऊ दिलं नाही.

वेल्सचंही काही जुळत गेलं. त्याच रुग्णालयातली एक केरळची डॉक्टर भारतात परत यायची होती आणि तिची जुनी छोटी गाडी तिला घरातल्यासारख्या माणसाला द्यायची होती. शिकाऊ माणसाचा विमा वेगळा निघतो, शेजारी लायसनवाला बसला पाहिजे, हेही तिनेच सांगितलं. पुनमने विमावाल्यांना जे कळवायचं ते खरं कळवायचं ठरवलं होतं. हप्ता जास्त पडेल. पण परीक्षा पास झाली की उतरेल, असं ती म्हणाली, आणि उज्वलाला तिच्या आवाजात पहिल्यांदाच काळजीऐवजी हिशेब ऐकू आला.

निघायच्या आठवड्यात व्यंकटराव न्यायला लातूरला आले. अंगणात स्कूलची पांढरी गाडी तयार उभी होती आणि पुनम उजवीकडे स्टेअरिंगवर, रामलिंग तिच्या शेजारी बसलेला होता.

"हे काय?"

"नांदेडपर्यंत पुनम चालवणार," आरती म्हणाली. "बसायचं असलं तर बसा, दाजी. नसलं तर एसटी हाय."

व्यंकटराव एस.टी. स्टँडच्या दिशेने बघत उभे राहिले. मग मागचं दार उघडून उज्वलाशेजारी बसले आणि समोरच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली.

चाकूर मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन वीतभर वर आलं होतं. अहमदपूरच्या चौकात उजवीकडून टमटम आली आणि पुनम थांबली. मागून तीन गाड्यांनी एकदम हॉर्न वाजवले.

"जा की," व्यंकटराव म्हणाले.

"उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं असतं, बाबा."

"इथं कोण देतं?"

"वाजवू दे त्यांना," रामलिंग म्हणाला. "ती बरोबर थांबलीय."

टमटम गेली. पुनमने गाडी काढली. व्यंकटरावांनी एक हात सीटवरून खाली घेतला.

लोह्याच्या अलीकडे उतार होता. उताराच्या तळाशी डाव्या शेतातून दोन म्हशी सरळ रस्त्यावर आल्या. उज्वलाची नजर सवयीने रामलिंगच्या पायांकडे गेली. तिला तिथून ते नीट दिसत होते.

पाय पेडलांवर नव्हते. पायताणं खाली रबरी चटईवर जोडीने काढलेली होती आणि रामलिंग सीटवर मांडी घालून बसला होता, पंगतीत बसावं तसा. मुठी मात्र गुडघ्यांवर आवळलेल्या होत्या.

गाडी पुनमच्याच ब्रेकवर, अगदी सरळ रेषेत, हळू झाली. मग थांबली. पुनमने आरशात मागे बघितलं. म्हशींनी आपापला वेळ घेतला.

व्यंकटराव पुढे वाकले होते. त्यांनीही बघितलं.

"रामलिंग, पाय वर घेतलेस?"

"आखडले होते, दाजी," रामलिंग म्हणाला.

पुनमने उजवीकडे बघितलं, गिअर टाकला आणि गाडी पुढे काढली. व्यंकटरावांनी दुसराही हात सीटवरून काढून मांडीवर ठेवला, आणि थोड्या वेळाने खिडकीची काच खाली केली.